अस्वलाच्या रानातून रोजचं येणं-जाणं: नेमकं काय करायचं?

शेवंता_उपकेंद्र
नमस्कार. मी मूळची साताऱ्याची. सध्या नोकरीनिमित्त बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्याला खेटून असलेल्या एका गावाच्या आरोग्य उपकेंद्रावर आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. एक तांडा आणि डोंगराकडच्या दोन वस्त्या माझ्याकडे आहेत. डांबरी संपली की स्कूटी लावायची आणि पुढे नाल्याकाठच्या पायवाटेने चालत जायचं.

इथे बदली झाली तेव्हा जो तो वाघाबद्दल विचारत होता. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो रेडिओ कॉलरवाला वाघ हजार किलोमीटरहून जास्त चालून २०१९ च्या डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला, त्याची बातमी सगळ्यांनी वाचलेली. गावात मात्र वाघाची कुणाला फारशी पडलेली नाही. इथली धास्ती अस्वलाची. अलीकडेच तांड्यावरच्या एका काकांना सकाळी नाल्यात अस्वलाने धरलं. जीव वाचला, पण डोक्याची कातडी आणि एक गाल फाटला. पहिली मलमपट्टी मीच केली.

तेव्हापासून सल्ल्यांचा पाऊस आहे. मेल्याचं सोंग घ्या, झाडावर चढा, नागमोडी पळा, उताराने पळा म्हणजे त्याच्या डोळ्यांवर केस येतात, तिखट जवळ ठेवा. नेटवर पाहिलं तर सगळं अमेरिकेतल्या अस्वलांचं. मला घरभेटी बंद करता येणार नाहीत, गरोदर बायका आहेत त्या वस्त्यांवर. ज्यांनी हे जनावर जवळून पाहिलंय त्यांनी खरंखोटं सांगावं, ही विनंती.

मीनाक्षी_पुणे
बाप रे. काळजी घे गं. वाचतेय.
दोन मित्र आणि अस्वल ही लहानपणची गोष्ट आठवली. एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडतो आणि अस्वल त्याला हुंगून निघून जातं. त्यात काही तथ्य आहे का?

वनपाल_निवृत्त
शेवंताताई, माझी नोकरी बुलढाणा आणि मेळघाटात गेली. सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपलं अस्वल मुळात वाळवी आणि मुंग्या खाणारं. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात आणि नाकपुड्या मिटता येतात. वारूळ उकरायचं, तोंड लावायचं, माती फुंकून टाकायची आणि वाळवी ओढायची. शांत रात्री तो आवाज शंभर मीटरवरून सहज ऐकू येतो. बाकी खाणं म्हणजे बोरं, जांभळं, टेंभरं, बहाव्याच्या शेंगा, मध आणि उन्हाळ्यात मोहाची फुलं. माणूस त्याच्या खाण्यात नाही आणि आपल्यामागे लागून शिकार करावी असा त्याचा स्वभाव नाही.

मग धरतं का? कारण वाघ. हे जनावर पिढ्यानपिढ्या वाघाच्या शेजारी जगलंय. त्याला हरणासारखं पळून सुटता येत नाही. झाडावर ते छान चढतं, पण बिबट्याही चढतो, त्यामुळे तिथेही सुटका नाही. म्हणून त्याने एकच युक्ती धरली आहे: अचानक कुणी जवळ आलं की विचार करत बसायचं नाही, ओरडत अंगावर जायचं. वाघसुद्धा पुष्कळदा वाट सोडतो. आपण नाल्याच्या वळणावर त्याच्यापुढे उभे ठाकलो, तर तीच युक्ती आपल्यावर चालते. नखं बोटाएवढी लांब असतात, वारूळ फोडण्यासाठीची. ती चेहऱ्यावर पडली की काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

त्याचे डोळे मंद, कानही बेताचे. नाक तेवढं तल्लख. पण वारा आपल्याकडे वाहत असेल किंवा त्याचं डोकं वारुळात असेल, तर नाकही कामाला येत नाही. दिवसा कपारीत किंवा घाणेरीच्या जाळीत ते इतकं गाढ झोपतं की तुम्ही पाच हातांवर जाईपर्यंत त्याला कळत नाही. तेव्हा तुमचं पहिलं काम एवढंच: आपण येतोय हे त्याला लांबून कळू द्यायचं. कळलं तर बहुतेक वेळा तेच निघून जातं आणि ते तिथे होतं हे तुम्हाला समजतही नाही.

त्यासाठी बोलत चला. एकट्या असाल तर मोठ्याने बोला, काठी दगडावर आपटा. गुजरातेत अस्वलांच्या भागात काठीला घंटी बांधून लोकांना दिली, ती कल्पना चांगली आहे. बैलाच्या गळ्यातली जुनी घंटी मिळाली तर बांधून घ्या. कानात इअरफोन नकोत, आणि खाली मान घालून मोबाइल पाहत चालणं तर मुळीच नको. आणि नाल्यात उतरण्याआधी थांबून टाळ्या वाजवा, हाका मारा. वाहत्या पाण्यात एरवी तुमचा आवाज बुडतो.

जागा ओळखायला शिका. वारूळ फोडलेलं असेल आणि माती ओली असेल, तर ते रात्रीच येऊन गेलंय किंवा अजून जवळ आहे. बोरीखाली बियांनी भरलेली विष्ठा दिसेल. मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा असतो, फक्त पुढे नखांच्या खुणा. अशा ठिकाणी पाच मिनिटांचा वळसा परवडतो.

मीनाक्षीताई, त्या गोष्टीतला जमिनीवर पडलेला मित्र निम्मा बरोबर होता. झाडावर चढलेल्याचं नशीब थोर. अस्वल मधाच्या पोळ्यासाठी उंच झाडावर जातं, माणसामागे जाणं त्याला काय अवघड?

कपाशी_हरभरा
काका म्हणते थे खरं हाय. पण आमचं काय? थ्री फेज लाइन येते रातची. हरभऱ्याले पाणी द्याचं त रातच्या दोन वाजता बांधावर जा लागते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं. बारं फिरवाले वाकलो का मांगं कोन हाय, पुढं कोन हाय, काई दिसत नाई. अस्वल मक्यात बसेल राह्यते, भुईमुगात उकरते. त्याले वाटते हे आपलं रान, मले वाटते हे माहं वावर. दोघंबी अंधारात. आता गाणं म्हनत पानी देऊ का?
शेवंताताई, तुमच्यासाठी एक: सीताफळाच्या दिवसात डोंगराच्या अंगानं जाऊ नोका. तिकडं लय असतेत.

वनपाल_निवृत्त
दादा, गाणंच म्हणा. थट्टा नाही करत. रेडिओ लावून ठेवा, बांधावर पोचण्याआधी दोन हाका द्या, बॅटरी पायापुढे न मारता आधी पिकावरून फिरवा. शेजारच्याशी ठरवून दोघांनी मिळून पाणी द्या. पण तुमचं मूळ दुखणं बरोबर आहे. माझ्या काळात जखमींच्या जबान्या घेतल्या, त्यांत 'पाणी द्यायला गेलो होतो' आणि 'बाहेर बसायला गेलो होतो' ही दोन कारणं सारखी यायची. पहिल्याचा उपाय महावितरणकडे, दुसऱ्याचा ग्रामपंचायतीकडे. वनखात्याने कितीही फलक लावले तरी त्याने रात्रीची वीज दिवसा येत नाही.

सौर_उजेड
शेतीला दिवसा वीज द्यायची म्हणूनच २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. जंगलाला लागलेल्या गावांचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, आधी घ्या, असा ठराव ग्रामसभेत करून पाठवा. वन्यप्राण्यांच्या हल्ल्यांच्या नोंदी सोबत जोडल्या तर कागदाला वजन येतं. आमच्या भागात असा ठराव गेला तेव्हा साहेबांनी निदान फाइल उघडून तरी पाहिली.

व्हँकुव्हरकर
मी कॅनडात, नॉर्थ व्हँकुव्हरमध्ये राहतो. घरामागेच डोंगर, उन्हाळ्यात काळी अस्वलं गल्लीत फिरताना दिसतात. इथला सगळा भर कचऱ्यावर. डबा आदल्या रात्री बाहेर ठेवायचा नाही, सकाळी गाडी यायच्या वेळीच ठेवायचा, नाहीतर दंड. परसातली पिकलेली प्लम वेळेवर उतरवायची, पक्ष्यांचे दाणे टांगायचे नाहीत. एकदा घरचं खाणं मिळालं की अस्वल परत परत येतं, धीट होतं आणि शेवटी त्यालाच गोळी घालतात.
डोंगरावर जाताना आम्ही अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा कमरेला लावतो. तो काही मीटर लांब जातो, अस्वल अंगावर आलं की त्याच्या पुढ्यात ढग तयार करायचा. शिवाय इथे शिकवतात की काळ्या अस्वलाने धरलं तर लढा, ग्रिझ्लीने, म्हणजे इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाने, स्वतःच्या बचावासाठी धरलं तर पालथे पडा. शेवंता, तुला असा फवारा मिळेल का बघ.

वनपाल_निवृत्त
कचऱ्याचा मुद्दा शंभर टक्के लागू. आमच्याकडे डबे नसले तरी देवळं आहेत. दिव्यातलं तेल आणि नैवेद्याचं खोबरं यासाठी अस्वल रात्री गाभाऱ्यात शिरतं. पुजाऱ्याने संध्याकाळी खोबरं-गूळ उचलून नेला आणि दाराला कडी घातली तर निम्मा त्रास संपतो. लग्नाच्या पंगतीचं उष्टं गावाबाहेर ओढ्यात टाकतात, तेही बंद व्हायला हवं.

फवाऱ्याचं मात्र जपून. तो मोठा डबा आपल्याकडे सहज मिळत नाही. पर्समधली छोटी बाटली म्हणजे वारा उलटा असला तर आपलेच डोळे. आणि आपलं अस्वल बहुतेकदा इतक्या जवळून उठतं की कमरेचं काही काढायला वेळच नसतो. लढायचं की पडायचं यात ते ग्रिझ्लीच्या बाजूचं समजा. त्याला तुम्हाला खायचं नसतं, हटवायचं असतं.

म्हणून शेवंताताई, तुमच्या यादीचा निकाल. पळायचं नाही, ना नागमोडी, ना उताराने. ते माणसापेक्षा वेगाने पळतं, आणि केस डोळ्यांवर येण्याची गोष्ट निव्वळ थाप. लांब दिसलं आणि त्याचं लक्ष नसेल तर आल्या वाटेने हळू मागे. त्याने पाहिलं, मागच्या पायांवर उभं राहिलं, तर घाबरू नका. ते तुमचा वास घेतंय. शांत आवाजात बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरका. धावून आलं तरी बऱ्याच वेळा अर्ध्यावर थांबतं. अंगाला भिडलंच तर ताबडतोब पालथं पडायचं, बोटं मानेमागे गुंफायची, कोपरांनी कानशिलं झाकायची, तोंड मातीत. पाठीवर सॅक असेल तर राहू द्या. ते निघून गेलं असं वाटलं तरी लगेच उठू नका.

आणि एक, तुमच्यासाठी खास. स्कूटी लावल्यावर हेल्मेट डिकीत ठेवू नका. डोक्यावर तसंच ठेवून चाला, काच वर करून. लोक हसतील, हसू द्या.

शेवंता_उपकेंद्र
हेल्मेटचं कुणीच सुचवलं नव्हतं! उद्यापासून सुरू. आशाताईंनाही एक मिळवून देते.

सरळ_बोला
सगळं ऐकून घेतलं. काठी वाजवा, हेल्मेट घाला, गाणं म्हणा. माणसानेच सगळं करायचं का? पिंजरे लावा, पकडा आणि मेळघाटात नेऊन सोडा. शहरात बसून प्राणीप्रेम सोपं असतं. गाल फाटलेल्या माणसाला विचारा.

कपाशी_हरभरा
शहरात कोन बसेल हाय भाऊ? मी तं वावरातून लिवून राह्यलो. पन पकडून नेलं तं दुसरं येते. रान तेच, वारूळ तेच. आमच्या आज्याच्या टायमापासून हे इथंच हायेत.

वनपाल_निवृत्त
सरळ_बोला, तुमचा राग समजतो. कायद्याचं सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या अशा प्राण्याबाबत निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी आदेशानेच होतो. मात्र स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्रामाणिकपणे प्राणी जखमी झाला किंवा मेला तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात आहे. लोकांना पहिलं कलम माहीत असतं, दुसरं नसतं, आणि मग जखमी माणूसच चौकशीच्या भीतीने गप्प बसतो.
विहिरीत पडलेलं किंवा गावात अडकलेलं अस्वल पकडून आम्ही रानात सोडलंय. पण दर अस्वलाला उचलून मेळघाटात सोडायचं म्हणजे तिथल्या गावांच्या गळ्यात बांधायचं. अनोळखी रानात सोडलेलं जनावर जास्त भटकतं, जास्त बावरलेलं असतं. मेळघाटातही माणसं राहतात हो.
नुकसानभरपाईचंही लिहून ठेवतो. अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्यात वारसांना २५ लाख रुपये मिळतात, जखमींसाठी वेगळी तरतूद आहे. त्यासाठी घटना लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या, दवाखान्याचा प्रत्येक कागद जपा. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६.

टाके_घालणारा_डॉक्टर
विदर्भातल्या सरकारी रुग्णालयात काम करतो. अस्वलाच्या जखमा चेहरा, टाळू आणि हातांवर असतात आणि दिसतात त्याहून खोल असतात. शेवंताताईंना यातलं बरंच माहीत असेल, गावकऱ्यांसाठी लिहितोय.

सगळ्यात आधी श्वास. तोंडात रक्त असेल तर उताणं झोपवू नका, पुढे वाकवून बसवा किंवा कुशीवर वळवा. रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, फक्त डोळ्याला इजा असेल तर त्यावर दाब देऊ नका. लोंबणारी कातडी कापायची नाही. ती जागेवर ठेवून ओलसर स्वच्छ कापडाने झाका, तीच पुढे जोडता येते. हळद, चहापत्ती, राख, तंबाखू काहीही भरू नका. १०८ ला फोन करा.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: रेबीज. जंगली सस्तन प्राण्याचा चावा म्हणजे कुत्र्याच्या चाव्याइतकाच गंभीर. रक्तस्राव आटोक्यात आला की जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची. लस त्याच दिवशी सुरू, आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) जखमेतच टोचून घ्यायचं. टाके त्यानंतर. 'टाके पडले, आता बरं वाटतं' म्हणून उरलेले डोस सोडणारे रुग्ण मी पाहिलेत. ताई, त्या काकांचे डोस पूर्ण झालेत का ते जरूर पाहा.

शेवंता_उपकेंद्र
डॉक्टर, डोस चालू आहेत, तारखा मी त्यांच्या सुनेच्या मोबाइलमध्ये घालून दिल्यात. ते स्वतः आरशात पाहायला तयार नाहीत, ते वेगळंच.

भटकंती_विशाल
एवढं घाबरवताय कशाला? छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळ घुंचापालीचं चंडी मंदिर आहे. तिथे संध्याकाळी जंगली अस्वलं येतात, प्रसाद खातात, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात. प्रेम दिलं की प्राणीही प्रेम देतो.

मोहफुल_गडचिरोली
विशालदादा, प्रसादाची चटक लागलेलं अस्वल उद्या प्रसाद नसलेल्या माणसाजवळही तेवढंच जवळ येणार. वरचे कॅनडावाले दादा तेच सांगतायत. तुम्ही फोटो काढून गाडीत बसता, आम्हाला पहाटे रानात जायचं असतं.

माझी आई मोह वेचते. मार्च-एप्रिलमध्ये फुलं रात्रीतून गळतात आणि लोक उजाडायच्या आत झाडाखाली जातात. उशीर झाला तर गुरं खातात, नाहीतर ऊन लागतं. अस्वलाची वेळही तीच. ते मोह खाऊन झाडाखालीच लोळत असतं, आणि आपण टोपली घेऊन वाकलेलो. दोघांचीही नजर जमिनीवर.

आता आमच्याकडे काही घरांनी झाडाखाली जाळी बांधायला सुरुवात केलीय. फूल मातीत पडत नाही, स्वच्छ राहतं, भाव बरा येतो आणि फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळावा लागत नाही. मुख्य म्हणजे अंधारात जायची घाई नाही, उजाडल्यावर गेलं तरी चालतं. ज्यांच्याकडे जाळी नाही ते चार-पाच घरं मिळून निघतात आणि झाडाच्या अलीकडे थांबून डबा वाजवतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याला तर अख्खं गाव रानात असतं. तिथे धोका पांगल्यावर. बायका पुडे बांधायच्या नादात लांब लांब जातात, म्हणून आई सारखी एकेकीला नावाने हाक मारत राहते. सगळे तिला बडबडी म्हणतात.

वनपाल_निवृत्त
तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. खात्याच्या कुठल्याही पत्रकापेक्षा त्या हाका जास्त उपयोगाच्या.

पिल्लांचं राहिलं होतं. मादी साधारण डिसेंबर-जानेवारीत कपारीत किंवा बिळात विते, एक-दोन पिल्लं. दोन-अडीच महिने पिल्लं आत असतात, मग आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. म्हणजे मोहाचा हंगाम आणि पिल्लं पाठीवर घेतलेली आई एकाच वेळी रानात. एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका, व्हिडिओ काढत बसू नका. आई जवळच असते.

जुना_वाचक
थोडं अवांतर. आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन दारोदार यायचा. पोरांना अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, केसाचा ताईत गळ्यात बांधायचे. पोर भीत नाही म्हणे. त्या अस्वलाचं नाक टोचून दोर ओवलेला असायचा आणि दात पाडलेले, हे फार नंतर कळलं. पुढे ते खेळ बंद झाले, आग्र्याजवळ सुटका केलेल्या अस्वलांसाठी २००२ मध्ये केंद्र निघालं. पण अस्वल म्हणजे गरीब, नाचरं जनावर ही समजूत आमच्या पिढीच्या डोक्यात तिथूनच बसली. विशालसारखे फोटोवाले त्यातलेच नवे.

भटकंती_विशाल
काका, मी पाठीवर बसायला मागत नाहीये. पण अंतर ठेवण्याचा मुद्दा पटला. पुढच्या वेळी गेलो तर गाडीतून पाहीन.

शेवंता_उपकेंद्र
सगळ्यांचे आभार. आज पोलीस पाटलांकडून बैलाची घंटी मिळाली, काठीला बांधली. वस्तीवरच्या भेटी आता दहानंतर ठेवल्यात, आणि परतताना कुणीतरी डांबरीपर्यंत सोबत येतं. ग्रामसभेत फीडरच्या ठरावाचा विषय सौर_उजेड यांच्या सल्ल्याने मांडणार आहे.
एक प्रश्न उरला. तांड्यावरचा एक कुत्रा मला ओळखतो, नाल्यापर्यंत पुढे पुढे धावत येतो. त्याला बरोबर ठेवू का? तो भुंकला तर आधीच कळेल, असं वाटतं.

कपाशी_हरभरा
नोका ठेवू ताई. कुत्रं पुढं जाते, अस्वलावर भुकते, अन् अस्वल मांगं लागलं का पळत तुमच्याच पायात येते.

वनपाल_निवृत्त
दादा बोलले तेच. मोकळा कुत्रा नको. तांड्यावर सांगून ठेवा, तुम्ही निघेपर्यंत त्याला बांधून ठेवतील.